फुटलेल्या दिव्याचा खर्च अंधारात चालणाऱ्याने का भरायचा?

रस्त्यावरचा दिवा फुटला की भरपाईचा कागद हलायच्या आधीच काही माणसे ती भरपाई द्यायला लागलेली असतात. रात्रपाळीहून परतणारी परिचारिका तेवढ्या पट्ट्यातून झपाझप चालते, म्हातारा माणूस भिंतीला हात लावत जातो, सायकलवरची मुलगी लांबचा वळसा घेते. खांब ट्रकने आडवा केला, दिवा कुणी दगड मारून फोडला, केबल चोरांनी ओढून नेली की दंगलीत मोडतोड झाली, याच्याशी त्यांचा काही संबंध नसतो. पैसे कोणी द्यायचे हा वाद जितके दिवस चालतो तितके दिवस किंमत तेच मोजत असतात. ती कुठल्या हिशेबात दिसत नाही, एवढेच.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. दिवा पहिल्यांदा लागला पाहिजे, सगळ्यांच्या पैशातून आणि कसलीही अट न घालता. त्यानंतर ज्याने तो मोडला त्याच्याकडून खर्च वसूल झाला पाहिजे. त्याच्याकडूनच, तिथे राहणाऱ्यांकडून नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांना लागणारा वेळ वेगळा आणि ती करणारी माणसेही वेगळी. पण ती इतक्या ठिकाणी एकमेकांना बांधून ठेवलेली असतात की वसुली अडली की दिवाही अडतो. विमा कंपनीचे उत्तर यायचे आहे, पंचनामा व्हायचा आहे, ठेकेदाराच्या करारात हे बसत नाही, यंदाच्या लेखाशीर्षात तरतूद उरलेली नाही... आणि खांबाचा बुंधा तसाच पडून.

दिवा फुटला म्हटले की डोळ्यांसमोर काच येते, म्हणून खर्चाचा अंदाजही काचेइतकाच येतो. प्रत्यक्षात जमिनीखाली काँक्रीटचा पाया आणि त्यात रोवलेले बोल्ट असतात. त्यावर खांब, खांबाच्या बुंध्याशी झाकणामागे जोडण्या आणि फ्यूज, वर आडवा हात, त्याच्या टोकाला फिटिंग आणि या सगळ्यांना जोडणारी केबल. गाडी जोरात धडकली तर बोल्ट वाकतात, पाया नव्याने घालावा लागतो आणि काँक्रीटला ताकद धरेपर्यंत थांबावे लागते. केबल तुटली तर एका खांबावर भागत नाही, ओळच्या ओळ विझते. सोडियमच्या दिव्यात बल्ब, चोक, इग्नायटर सुटे बदलता येत. एलईडी वीज वाचवते, पण दगड बसून आत पाणी शिरले तर बहुतेक वेळा अख्खी फिटिंग उतरवावी लागते. शिवाय शिडीची गाडी, माणसे, रस्त्याची एक बाजू बंद ठेवण्याची व्यवस्था, अर्थिंगची तपासणी. झाकण उचकटलेल्या खांबातून वायर बाहेर लोंबत असेल तर मग तो जीवाचाच प्रश्न होतो. ‘एक दिवा तर आहे’ असे म्हणून हा विषय बाजूला सारणाऱ्यांनी यातले एखादे काम तरी डोळ्यांनी पाहावे.

खर्च कोणाचा, हा वाद रस्त्यावरच्या दिव्याइतकाच जुना आहे. १७१६ साली लंडनमध्ये घरमालकांवर सक्ती झाली की अंधाऱ्या रात्री संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत आपापल्या दारासमोर दिवा लावायचा. तेव्हा प्रश्न सोपा होता. दिवा ज्याचा, फुटला तर नुकसानही त्याचेच. १७३६ च्या कायद्याने चित्र बदलले. दिवे शहराने लावायचे आणि त्यासाठी घरांवर कर बसवायचा, असे ठरले. पॅरिस याबाबतीत बरेच पुढे होते. तिथे १६६७ मध्ये पोलीसप्रमुख निकोला द ला रेनी यांच्या कारकिर्दीत रस्त्यांवर दोरीने कंदील टांगले गेले आणि त्यांचा खर्च चिखल आणि कंदील या दोहोंसाठी मिळून घेतल्या जाणाऱ्या करातून निघत असे. दिवा घराच्या दारातून रस्त्याच्या मधोमध आला, आणि तो सगळ्यांचा झाला.

पण एका बाबतीत तो सगळ्यांचा झाला नाही. कंदील लावण्याचे काम पोलिसांकडे होते, त्यामुळे कंदील फोडणे हा राजसत्तेचा अपमान ठरला आणि फोडणाऱ्याला कडक शिक्षा होत गेली. लोकांनाही तो तसाच दिसत होता. १८३० च्या जुलै क्रांतीत पॅरिसच्या लोकांनी रस्तोरस्तीचे कंदील फोडले, कारण अंधारात सैन्याला वाट काढणे कठीण जाई. फोडणारा आणि शिक्षा देणारा, दोघांच्याही लेखी तो दिवा सरकारचा होता. ज्याला त्याच्या उजेडात घरी जायचे होते तो या हिशेबात कुठेच नव्हता.

ती दृष्टी अजून कायद्यांत शिल्लक आहे. भारताचा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा १९८४ चा आहे. पाणी, दिवाबत्ती, वीज यांच्या पुरवठ्याशी संबंधित मालमत्तेचे नुकसान करणाऱ्याला त्यात किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त पाच वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे, शिवाय दंड. म्हणजे हा गुन्हा क्षुल्लक आहे असे कायदा मानत नाही. पण त्या खांबाचे पुढे काय, तो कोणाच्या पैशाने उभा राहणार, याबद्दल तो कायदा बोलत नाही. शिक्षा झाली तरी खांब तसाच, आणि दंड भरला तरी तो दिवाबत्तीच्या खात्यात येत नाही. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये भरून काढण्याचा प्रयत्न केला. न्यायमूर्ती थॉमस आणि ज्येष्ठ विधिज्ञ नरीमन यांच्या समित्यांच्या शिफारशी स्वीकारून न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घातली. मोठ्या प्रमाणावर तोडफोड झाली तर उच्च न्यायालयाने दावा आयुक्त नेमावा, नुकसान मोजावे आणि ते प्रत्यक्ष तोडफोड करणाऱ्यांकडून व आयोजकांकडून वसूल करावे. शिक्षा आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी त्यातून मान्य झाले.

दंगलीकडे नंतर वळतो. रोजच्या व्यवहारात खांब पाडते ती गाडी, आणि भरपाईच्या दृष्टीने हे सर्वांत सोपे प्रकरण असायला हवे. गाडीला नंबर असतो, नंबराला मालक असतो, मालकाने विमा उतरवलेला असणे सक्तीचे असते. त्रयस्थाच्या नुकसानीसाठीचाच तो विमा आहे, आणि खांबाचा मालक त्रयस्थच आहे. तरीही पैसा पुरत नाही, कारण मालमत्तेच्या नुकसानीची सक्तीची मर्यादा अनेक ठिकाणी हास्यास्पद म्हणावी इतकी कमी ठेवली गेली. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ती ६,००० रुपये होती. कॅलिफोर्नियात ती अनेक दशके ५,००० डॉलर होती आणि २०२५ च्या जानेवारीपासून १५,००० झाली. युरोपीय संघाने मात्र एका अपघातामागे सुमारे १३ लाख युरोंची किमान मर्यादा घातलेली आहे. मर्यादेच्या वरचा खर्च गाडीमालकाच्या खिशातून काढायचा म्हणजे दिवाणी दावा आला. एका खांबासाठी दावा कोण लावणार? मग तो खर्च गुपचूप कर भरणाऱ्यांवर येतो. मर्यादा वाढवल्याने हप्ता थोडा वाढेल, पण तो गाडी चालवणाऱ्यांमध्ये वाटला जाईल, आणि गाडीने होणाऱ्या नुकसानीचा भार गाडीवाल्यांनीच उचलावा हे मला पूर्णपणे न्याय्य वाटते. पायी चालणाऱ्याच्या करातून त्यांना ही सवलत कशासाठी?

यात एक गुंता आहे आणि तो मोलाचा आहे. काही खांब मोडण्यासाठीच बनवलेले असतात. भरधाव गाडी मजबूत पोलादी खांबावर आदळली तर खांब टिकतो आणि आतला माणूस जातो. म्हणून १९६० च्या दशकापासून अमेरिकेत महामार्गांच्या कडेला असे खांब आले की ज्यांचा बुंधा धक्का बसताच बोल्टांवरून सरकतो किंवा तुटतो, खांब गाडीवरून उलटतो आणि गाडी पुढे निघून जाते. वीजजोडही त्याच क्षणी आपोआप सुटेल अशी सोय करता येते. युरोपात अशा खांबांची परीक्षा ईएन १२७६७ या मानकानुसार होते. गर्दीच्या, पादचाऱ्यांच्या रस्त्यावर हेच खांब धोक्याचे, कारण कोसळणारा खांब तिथे कुणाच्या तरी अंगावर येईल. तिथे न मोडणारा खांबच हवा. आता महामार्गावर असा खांब मोडला तर चालक म्हणू शकतो की तो मोडण्यासाठीच होता, मी का पैसे देऊ? मला वाटते, द्यावेत. खांबाने त्याचा जीव वाचवला ही चांगलीच गोष्ट झाली, पण पुढच्या चालकाचा जीव वाचवायला तिथे नवा खांब लागणार आहे आणि जुना त्याच्या धडकेने खर्ची पडला आहे. मात्र चुकीच्या जागी चुकीचा खांब उभारला असेल, वळणाच्या बाहेरच्या कडेला रस्त्याला चिकटून एकच खांब पुन्हा पुन्हा पडत असेल, तर दोष नियोजनाचाही आहे. तिसऱ्यांदा त्याच जागी तोच खांब उभारून चालकाकडे बिल पाठवणाऱ्या यंत्रणेला मी संपूर्ण रक्कम मागू देणार नाही.

घसाऱ्याचा वादही इथलाच. वीस वर्षे जुना, गंजलेला खांब पडला आणि त्या जागी नवा कोरा आला, तर नव्याची किंमत चालकाने का द्यावी, असे विमा कंपन्या म्हणतात. वरवर पाहता हे बरोबर दिसते. पण जुना खांब बाजारात मिळत नाही, आणि तो त्या रात्री बदलण्याची नगरपालिकेची इच्छाही नव्हती. तिचे नियोजन मोडले, माणसे दुसऱ्या कामावरून ओढून आणावी लागली, एका रांगेत एकच खांब वेगळ्या वयाचा झाला. खांब, पाया आणि मजुरी यांची पूर्ण रक्कम मागणे मला गैर वाटत नाही. सोडियमच्या जागी एलईडी बसवली तर त्या सुधारणेचा वाढीव खर्च मात्र चालकावर टाकू नये, आणि कार्यालयीन खर्चाच्या नावाखाली बिल फुगवू तर मुळीच नये. वसुलीचा अधिकार ज्याला हवा त्याचा दरपत्रक उघडे ठेवण्याला नकार असता कामा नये. कुठल्या प्रकारच्या खांबाचा काय खर्च, हे आधीच जाहीर असले तर निम्मे वाद उठणारच नाहीत.

चोरीचे प्रकरण याच्या अगदी उलट आहे. इथे नंबर नाही, विमा नाही, आणि चोराला मिळणारा पैसा झालेल्या नुकसानीच्या मानाने नगण्य असतो. लॉस एंजलिसमध्ये ५८.८ कोटी डॉलर खर्चून सहाव्या रस्त्याचा नवा पूल २०२२ मध्ये खुला झाला. त्याच्या रोषणाईमुळे त्याला ‘प्रकाशाची फीत’ असे नाव पडले होते. पुढच्या काही वर्षांत चोरांनी त्यातली सुमारे सात मैल लांबीची तांब्याची तार काढून नेली आणि ती फीत विझली. पकडलेल्या चोराकडून हा खर्च वसूल होईल असे कोणीही गंभीरपणे म्हणू शकत नाही. त्याच्याकडे काही नसते. पण तार शेवटी कुठेतरी विकली जाते. वसुलीचा हात तिथपर्यंत पोहोचला पाहिजे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ साली भंगार रोखीने विकत घेण्यावर बंदी आली आणि २०१३ च्या कायद्याने भंगार विक्रेत्यांना परवाना, विकणाऱ्याच्या ओळखीची खातरजमा आणि नोंदी सक्तीच्या केल्या. रोखीवर बंदी आली की चोरीचा माल खपवणे अवघड होते आणि खरेदीदाराला ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणता येत नाही. भट्टीत जाणाऱ्या तांब्यावर नफा कमावणाऱ्याने ते कुठून आले हे न विचारता घेतले असेल, तर खांबाच्या केबलचा खर्च त्याने द्यावा. गरिबाला तुरुंगात टाकून आणि खरेदीदाराला सोडून देऊन एकही केबल वाचलेली नाही.

दुसरा उपाय तंत्रज्ञांच्या हातात आहे. डेट्रॉइट शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेले तेव्हा तिथले सुमारे ४० टक्के पथदिवे बंद होते. २०१६ च्या अखेरपर्यंत तिथे ६५,००० नवे एलईडी दिवे बसले, आणि तारेसाठी तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियम वापरले गेले, कारण ते चोरून फारसे काही मिळत नाही. म्हणून एकाच जागी दुसऱ्यांदा तांबे चोरीला गेले तर प्रश्न केवळ चोराला विचारून भागणार नाही. पहिल्या चोरीनंतर पुन्हा तीच तार, तसेच सैल झाकण ज्याने बसवले त्यालाही तो विचारायला हवा. ठेक्याच्या करारांत चोरी आणि अपघात बहुधा ठेकेदाराच्या जबाबदारीतून वगळलेले असतात. ते पूर्णपणे वगळू नयेत असे माझे मत आहे. झाकण किती मजबूत, केबल किती खोल, हे ठरवणाऱ्यावर थोडा तरी भार असला तरच ते काम नीट होते.

आता दंगल. इथे मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण इथे न्याय मागणारा समाज सहज अन्यायाकडे झुकतो. जमावाने दिवे फोडले, जमावातली माणसे ओळखू येत नाहीत, मग त्या भागातल्या सगळ्यांकडून वसूल करा, ही कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडात १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने दरोड्याची भरपाई त्या परगण्याने द्यावी असे ठरवले होते. १७१४ च्या दंगल कायद्यानेही मोडलेल्या इमारतींचा खर्च तिथल्याच रहिवाशांवर टाकला. ब्रिटिशांनी हिंदुस्थानात १८६१ च्या पोलीस कायद्यात १५ वे कलम घातले. अशांत भागात जादा पोलीस ठेवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांकडून घ्यायचा. यामागचा तर्क असा की लोकांनी मनावर घेतले असते तर दंगल रोखता आली असती. खिडक्या लावून आत बसलेल्या कुटुंबाने जमाव कसा रोखायचा, हे तो तर्क सांगत नाही. इंग्लंडनेच पुढे १८८६ मध्ये हा भार परगण्यावरून काढून पोलीस निधीवर टाकला आणि २०१६ मध्ये त्या कायद्याची नवी आवृत्ती आणली. शांतता राखणे ज्याचे काम, न राखल्याची भरपाईही त्याचीच, हे तत्त्व मला जास्त पटते. युद्धातसुद्धा सामूहिक दंड नको, असे १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ३३ वे कलम म्हणते. शांततेच्या काळात तो एखाद्या मोहल्ल्यावर लादावा काय?

आणि ज्याने खरोखर फोडले त्याच्याकडून वसूल करतानाही ते न्यायाधीशासमोर सिद्ध झाले पाहिजे. उत्तर प्रदेशात २०१९ च्या नागरिकत्व कायद्याविरोधी आंदोलनांनंतर वसुलीच्या नोटिसा निघाल्या, पण दाव्यांचा निकाल न्यायिक अधिकाऱ्यांऐवजी प्रशासकीय अधिकारीच देत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बोट ठेवले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने २७४ नोटिसा मागे घेतल्या. वसूल झालेली रक्कम परत करण्याचा आदेश झाला. ज्यांना झटपट वसुली हवी असते त्यांनी हे लक्षात घ्यावे. घाईने काढलेली नोटीस टिकली नाही, पैसेही परत गेले, आणि खऱ्या गुन्हेगाराविरुद्धचा दावाही त्यात दुबळा झाला. वसुलीला वेळ लागणारच, लागू द्यावा. तो वेळ दिव्याच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी तर ही दोन कामे वेगळी करायची.

सामूहिक दंडाचा एक सौम्य दिसणारा प्रकार रोज चालू असतो आणि त्याला कोणी दंड म्हणत नाही. ‘तिथे लावून काय उपयोग, तिथली पोरे पुन्हा फोडतात.’ हे वाक्य अधिकारी बोलतात, ठेकेदार बोलतात, शेजारच्या चांगल्या वस्तीतली माणसे बोलतात. त्यात एक निकाल दडलेला असतो, की दोघातिघांच्या कृत्याची किंमत हजारभर लोकांनी अंधारात राहून मोजावी. त्या हजारांत ती पोरे फोडतात म्हणून सर्वांत जास्त वैतागलेली माणसेही असतात. ज्या वस्तीत दिवा वारंवार फुटतो तिथे तो लवकर लावण्याची गरज जास्त असते. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सार्वजनिक गृहसंकुलांत हे मोजून पाहिले गेले. काही संकुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथे तात्पुरते उंच दिवे लावले, बाकीची तशीच ठेवली. रात्रीच्या वेळी उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे दिवे लावलेल्या संकुलांत सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. गरीब वस्तीत उजेड वाया जातो, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर काय द्यायचे.

याच्या विरोधात एक प्रामाणिक मुद्दा आहे आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. २०१५ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या माहितीवरून एक अभ्यास झाला. वीज वाचवण्यासाठी दिवे मंद करणे, मध्यरात्रीनंतर बंद ठेवणे किंवा कायमचे बंद करणे यामुळे अपघात वा गुन्हे वाढल्याचा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. मग प्रत्येक फुटलेला दिवा बदलायलाच हवा का? मला हा प्रश्न रास्त वाटतो. कुठले दिवे हवेत आणि कुठले नकोत हे विचारपूर्वक ठरवावे, काही ठिकाणी कमीही करावेत. रात्रीच्या आकाशालाही त्याची गरज आहे. पण विचार करून मंद केलेला रस्ता आणि फुटलेल्या दिव्याचा रस्ता एक नसतात. पहिल्यात उजेड बदलतो तो सगळ्या रस्त्यावर सारखा, डोळ्यांना त्याची सवय होते. दुसऱ्यात दोन प्रखर दिव्यांच्या मधोमध एक काळा पट्टा तयार होतो. उजेडातून त्यात शिरणाऱ्या चालकाच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो आणि नेमक्या त्याच पट्ट्यात रस्ता ओलांडणारा माणूस त्याला दिसत नाही. म्हणूनच पथदिव्यांच्या मानकांत उजेड किती याबरोबर तो किती समान पसरलेला आहे हेही मोजतात. शिवाय कुठला दिवा नको हे कुणीतरी ठरवावे, त्याचे कारण द्यावे, लोकांना विचारावे. दगड मारणाऱ्याने ते ठरवू नये.

खर्चाचा भार रहिवाशांवर थेट टाकला की काय होते याची दोन उदाहरणे अमेरिकेतलीच आहेत. लॉस एंजलिसमध्ये दिव्यांचा खर्च त्या रस्त्यालगतच्या मालमत्ताधारकांकडून आकारणीच्या रूपाने घेतला जातो. १९९६ च्या एका मतदानाने अशी आकारणी वाढवायची तर मालमत्ताधारकांची मंजुरी घेणे बंधनकारक केले, आणि जवळपास तीन दशके बहुतेक ठिकाणी ती वाढलीच नाही. खर्च वाढत गेला, चोऱ्या वाढत गेल्या, दुरुस्ती महिनोन्‌महिने रेंगाळू लागली. दुसरे उदाहरण मिशिगनमधल्या हायलंड पार्क या छोट्या शहराचे. २०११ मध्ये त्याच्याकडे वीज कंपनीची सुमारे ४० लाख डॉलरची थकबाकी होती. कंपनीने दिवे नुसते बंद केले नाहीत, हजारावर दिवे खांबांसकट उपटून नेले. कारखाने गेल्याने कंगाल झालेले शहर, त्यात कोणी दगडही मारला नव्हता. तिथल्या काही रहिवाशांनी पुढे एकत्र येऊन सौरदिवे उभारले. त्यांच्या जिद्दीचे कौतुक जरूर करावे, पण रस्त्यावरचा उजेड वर्गणी काढून मिळवायची वेळ कुणावर येऊ नये. वर्गणी जमते ती जिथे पैसा आहे तिथे. मग उजेडही तिथेच राहतो. दिव्याखालून जाणारा नेहमी तिथलाच रहिवासी नसतो. दूध घेऊन येणारा, रुग्णवाहिकेचा चालक, दुसऱ्या टोकाला राहणारी घरकामाची बाई, सगळ्यांना तो लागतो. म्हणून त्याचा खर्च जितक्या मोठ्या निधीतून निघेल तितके चांगले. एका गल्लीपेक्षा शहर बरे, आणि दुबळ्या शहरामागे राज्य उभे राहिलेले बरे.

दगड मारणाऱ्या मुलांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मूल पकडले गेले तर पालकांनी फिटिंगचा खर्च द्यावा, एकरकमी झेपत नसेल तर हप्त्याने द्यावा, आणि मुलाने एखादा दिवस दुरुस्तीच्या माणसांबरोबर घालवावा. त्याला गुन्हेगारीच्या नोंदवहीत चढवायला माझा विरोध आहे. ज्या कोपऱ्यावर वारंवार दगड बसतात तिथे काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे झाकण लावणे कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त पडते.

हे सगळे अमलात आणायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक खांबाला ठळक क्रमांक हवा, म्हणजे तक्रार करणाऱ्याला पत्ता समजावून सांगत बसावे लागणार नाही. दिवाबत्तीच्या अंदाजपत्रकात मोडतोडीसाठी वेगळा निधी हवा आणि त्यातून खर्च करायला कुठल्याही विभागाची परवानगी लागू नये. खांब पडल्याची खात्री एवढीच अट पुरे. उघडी वायर त्याच दिवशी सुरक्षित करायची, तात्पुरता दिवा एक-दोन दिवसांत, कायमचा खांब ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत चुकली तर ठेकेदाराच्या बिलातून दर रात्रीमागे कपात. ठेकेदाराला पैसे किती दिवे बसवले यावर देण्यापेक्षा किती रात्री ते चालू राहिले यावर द्यावेत. मग लवकर दुरुस्ती करण्यात त्याचाच फायदा राहील. दुरुस्ती करणाऱ्याने काम सुरू करण्याआधी जागेचे फोटो काढावेत, गाडीच्या तुटलेल्या भागांची नोंद करावी, साक्षीदार असेल तर त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. पुरावा राखण्यासाठी खांब महिनाभर तसाच पडू देण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही.

पुढचे काम वसुली विभागाचे. त्याने दावा लावावा, विमा कंपनीकडे पाठपुरावा करावा, हप्ते ठरवावेत, न्यायालयात जावे लागले तर जावे. कुठला खांब कधी पडला, कधी लागला, कोणत्या कारणाने पडला, किती खर्च आला आणि किती वसूल झाला, ही यादी माणसांची नावे न देता दर महिन्याला लोकांसमोर ठेवावी. वसुलीचा आकडा शून्य असेल तर तोही दिसू द्यावा. आणि गाडीवाल्याच्या विमा कंपनीकडून सहा महिन्यांनी आलेला धनादेश सर्वसाधारण निधीत न मिसळता त्याच मोडतोडीच्या निधीत जमा व्हावा, कारण पुढचा खांब पडेल त्या रात्रीचा पहिला खर्च तिथूनच निघणार आहे.